कान फाटलेला बोकड आधी विका

काका, नमस्कार. मी कळंब तालुक्यातली. तीन एकर कोरडवाहू रान आणि अकरा उस्मानाबादी शेळ्या. शेळ्यांचं सगळं मीच बघते. सध्या नऊ बोकड विकायचे आहेत. चार मागच्या चैत्रातले, पाच भादव्यातले. चारांतल्या एकाचा कान कुत्र्यानं फाडलाय, बाकी धड आहेत. मागच्या आठवड्यात व्यापारी दारात आला आणि नऊचे सरसकट ४५ हजार म्हणाला. मालक म्हणतात, देऊन टाक, मार्चअखेर बचत गटाचा साडेसात हजारांचा हप्ता आहे. शेजारणीनं मात्र तिचा बोकड काट्यावर ३५० रुपये किलोनं दिला. मुलगा बारावीला आहे. त्यानं मोबाइलवर परदेशातले बीफचे गोठे बघितलेत, चार महिने दाणा घालून जनावरं फुगवतात ते. तो म्हणतो, बोकडच काय, आपला जर्सी गोऱ्हा आणि पाच महिन्यांचं रेडकूपण तसंच पोसू. त्यानं बोकडांची मापं घेतलीत. मोठ्याची छाती २५ इंच, लांबी २३. लहानाची छाती २१, लांबी १९. आता विकू, का खुराक लावून बकरी ईदेपर्यंत थांबू? खुराक काय लावू? आणि गाभण शेळ्यांना तोच चालेल का?

ताई, नमस्कार.

टेप लावून, आकडे लिहून पाठवलेलं पत्र मला वर्षात एखादं येतं. बाकीचे लिहितात, "बोकड चांगला गुबगुबीत आहे, किती येतील?" आता मी अंबाजोगाईत बसून गुबगुबीतचे पैसे कसे सांगू? तुमच्या पोराला बारावीत मार्क पडायचे तितके पडोत, पण तुमचं निम्मं काम त्यानं करून ठेवलंय.

मापावरून वजन काढायचं ते असं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. दोन्ही इंचात, सकाळी चरायला सोडायच्या आधी, बोकड चारी पायांवर सरळ उभा असताना. घेराला घेरानंच गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, की किलोत वजन येतं. तुमच्या मोठ्याचे २५ गुणिले २५ म्हणजे ६२५, त्याला २३ नं गुणून १४,३७५, भागून २१.८ किलो. लहानाचे १२.७. किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, म्हणून विकताना काटाच लावायचा. पण व्यापारी दारात असताना मान हलवायची का नाही, एवढं ठरवायला हे पुरतं.

चार मोठे २१.८ चे, पाच लहान १२.७ चे, असं धरलं तर नऊचं वजन दीडशे किलो भरतं. शेजारणीच्या भावानं, म्हणजे ३५० नं, त्याचे ५२ हजार ७०० होतात. व्यापारी ४५ म्हणतोय. मधले पावणेआठ हजार, म्हणजे तुमचा चैत्रातला एक आख्खा बोकड. आठांचे पैसे द्यायचे आणि नववा असाच गाडीत चढवायचा, एवढा 'सरसकट' या शब्दाचा अर्थ. दर डोई पाच हजार ऐकताना लहानग्यांना बरा भाव आला असं वाटतं, आणि त्या नादात मोठे चार स्वस्तात जातात.

व्यापारी वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याला पैसे लागले तर तोच येतो, आणि रोख देतो. वाटेत बोकड मेला तर तोटाही त्याचाच. पण त्याची नजर म्हणजे काटा आहे. वीस वर्षं बोकडाच्या कमरेवर हात ठेवून त्याला वजन कळतं, आणि आपल्याला कळत नाही हेही कळतं. गुरांच्या बाजारात दोन दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवताना तुम्ही पाहिलं असेल. मालक शेजारीच उभा, आणि आपल्याच बैलाचा भाव त्याला शेवटी कळतो. शेळीचा व्यवहार तरी आपल्याला उघड्यावर करता येतो. हजार-बाराशेचा लटकता काटा बचत गटात मिळून घ्या. गावातल्या सगळ्या बायांना होईल.

आता मुख्य प्रश्न. 'आता विकू का थांबू' हा प्रश्न नऊ बोकडांना मिळून विचारायचा नसतो, एकेकाला विचारायचा असतो. आणि खुराक कोणता, याच्याही आधी विचारायचं, हा बोकड कोणत्या तारखेला जाणार? तारीख ठरली की खुराक आपोआप ठरतो. बहुतेक लोक उलटं करतात. आधी पोतं आणतात, बोकड गुटगुटीत झाला की गिऱ्हाईक शोधायला निघतात, आणि तेव्हा श्रावण लागलेला असतो.

तर कान फाटलेला आधी काढा. कुर्बानीला जनावर निर्दोष लागतं. लंगडा, आंधळा, शिंग मुळातून मोडलेला, कान बराच कापला गेलेला बोकड चालत नाही. किती फाटला तर चालतो यावर गिऱ्हाइकाशी वाद घालत बसू नका. घेणारा माणूस कान धरून बघतो आणि पुढच्या बोकडाकडे सरकतो. याला शंभर दिवस खुराक घालून शेवटी मटणाच्याच भावानं द्यायचा, तर आजच का नाही? पुढं धुळवड आहे. त्या दिवशी आपल्याकडे मटणाच्या दुकानापुढं रांग असते, आणि खाटीक चार दिवस आधीपासून माल बघत फिरत असतो. २१.८ किलो, ३५० चा भाव, ७,६३० रुपये. तुमचा हप्ता साडेसात हजार. मालकांना सांगा, हप्ता फिटला, आता बाकीच्यांची घाई नको.

उरले चैत्रातले तीन. हे ईदेला. २०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला होती. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे यंदा, २०२६ ला, मेच्या शेवटच्या आठवड्यात चंद्र दिसेल तशी. बोकड वर्षाचा पुरा लागतो. तुमचे तेव्हा तेरा महिन्यांचे होतील, वयाला अडचण नाही. पण गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं. दुधाचे मधले दोन पडून पक्के दोन येणं साधारण सव्वा वर्षाच्या आसपास होतं, त्यामुळे तुमच्यातला एखादा ईदेला 'दोन दाती' नसेलही. म्हणून शेळी व्यायल्याची तारीख वहीत लिहिलेली हवी. नसेल तर बचत गटाच्या वहीत, शेळीच्या कर्जाच्या पानावर बघा. करडांची नोंद बऱ्याचदा तिथं असते.

आता खुराकाचा हिशोब मांडतो, कारण पोराचा व्हिडिओ इथंच फसवतो. नुसत्या चराईवर, उन्हाळ्यात, आपला बोकड दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम वाढतो. रोज ३०० ग्रॅम खुराक दिला तर ८० च्या आसपास. ९० दिवसांत चराईवर साडेतीन किलो, खुराकावर सात. म्हणजे खुराकानं दिलेलं वजन साडेतीनच किलो. ३५० नं त्याचे १,२२५ रुपये. खुराक गेला २७ किलो. मला गेल्या महिन्यात मिश्रण २९ रुपये किलो पडलं, म्हणजे ७८३. जंत, लस, क्षार धरून साडेआठशे म्हणा. बोकडामागं उरले पावणेचारशे, तेही तुमची मजुरी न धरता. (शेळीच्या हिशोबात बाईची मजुरी कुणीच धरत नाही. मी धरतो, आणि मग बऱ्याच जणांचा नफा वहीतून पुसला जातो.) घरचा मका आहे, तो फुकट, असंही म्हणू नका. आडतीवर त्याचे जे आले असते ते त्याच्या नावावर मांडा.

म्हणजे नुसतं वजन वाढवून पैसा होत नाही. पैसा होतो तो त्या आठवड्यातल्या भावानं. हाच बोकड २८.८ किलोचा, निर्दोष, अंगानं भरलेला असा ईदेच्या तोंडावर ४२५ नं गेला तर १२,२४० होतात. तिघांचे ३६,७२०. त्यातून आजची किंमत २२,८९० आणि खर्च २,५५० वजा केला तर ११,२८० उरतात. भाव वाढलाच नाही, ३५० च राहिला, तर ४,८०० उरतात. एक मेला तर काहीच उरत नाही. हे तिन्ही आकडे मालकांपुढं ठेवा आणि मगच पोतं आणा.

परदेशातल्या गोठ्याचं गणितच वेगळं. तिथं जनावर मोठ्या हाडाचं असतं, दिवसाला किलोच्या वर वाढतं, आणि मांसात चरबीची जाळी किती यावर प्रत ठरून भाव मिळतो. म्हणून ते शेवटचे चार महिने दाण्यावर ठेवतात. शेळी चरबी मांसात फारशी साठवत नाही, पोटात साठवते, आतड्याच्या पडद्यावर आणि गुर्द्याभोवती. आपला खाटीक त्या चरबीला जास्तीचे पैसे देत नाही. त्यामुळे ठरावीक भरल्यानंतर घातलेला दाणा पोटात जाऊन बसतो. कुठं थांबायचं हे हातानं कळतं. बोकडाच्या कमरेच्या मणक्यावर, शेवटच्या बरगडीच्या मागं, तळहात ठेवा आणि बोटं बाजूला दाबा. हाडाची टोकं करवतीसारखी लागली तर अजून भरायचा आहे. टोकं गोल लागतात, दाबल्यावरच कळतात, दोन्ही बाजूला मांस मणक्याच्या बरोबरीला आलंय, तर झाला. मणकाच सापडत नसेल तर तुम्ही पंधरा दिवसांचा दाणा वाया घालवलात. दर आठवड्याला हात ठेवत जा. व्यापाऱ्याला जे वीस वर्षांत आलं ते तुम्हाला दोन ईदेत येईल.

खुराक साधा ठेवा. दहा किलोचं मिश्रण करायचं तर मक्याचा भरडा पाच किलो, तुरीची चुनी तीन, शेंगदाणा पेंड पावणेदोन, क्षार मिश्रण दीडशे ग्रॅम आणि मीठ शंभर ग्रॅम. लातूरच्या डाळ मिलांमुळं चुनी आपल्याकडे सहज मिळते, तेवढं आपलं नशीब. पेंड घेताना मूठभर हातात चोळून वास घ्या. कुबट वास, हिरवी-काळी बुरशी दिसली तर स्वस्तात दिली तरी नको. शेंगदाण्याच्या बुरशीचं विष यकृतावर जातं. आणि सध्या हरभरा निघतोय. खळ्यावरचं भुसकट वाऱ्यावर जाऊ देऊ नका, तुरीच्या भुसकटाशेजारी झाकून ठेवा. मे महिन्यात बांधावर काही उरत नाही, तेव्हा तेच पोट भरतं. शेवरी असेल तर फांद्या तोडून टांगून द्या. सुबाभूळ चालते, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको.

देण्याची रीत खुराकापेक्षा महत्त्वाची आहे, आणि ही मी पैसे मोजून शिकलो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पशुधनाच्या खात्यातला माणूस, म्हणजे मला सगळं येतं असा माझाच समज. ईदेसाठी पाच बोकड ठेवले होते. एका रात्री गोठ्याच्या कोपऱ्यातलं मक्याचं पोतं त्यांनी फाडलं. सकाळी गेलो तर तीन आडवे. एकाचं पोट डावीकडून नगाऱ्यासारखं ताणलेलं, दात कराकरा खात होता, मान पाठीकडं वळवून पाय झाडत होता. माझ्यादेखत गेला. दुसरे दोन आधीच गार झाले होते. आणि मेले ते तिघं सगळ्यात तगडे, कारण पोत्याशी पहिले तेच पोचले होते. किडकिडे दोन कोपऱ्यात रवंथ करत उभे. दाणा एकदम पोटात गेला की पोटात आंबतो, आणि आतड्यातले आंत्रविषाराचे जंतू त्यावर माजतात. त्याची लस असते. मी ती गावातल्या सगळ्यांच्या शेळ्यांना टोचली होती. माझ्या बोकडांना 'उद्या देऊ' म्हणून राहिली होती.

तेव्हा खुराक चालू करायच्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन आंत्रविषाराची लस घ्या. पहिल्यांदा देताय तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस लागतोच, एकावर थांबू नका. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, दिली नसेल तर तीही, पण दोन्ही एकाच दिवशी नको, अंतर डॉक्टरांना विचारा. लेंडी तपासून जंताचं औषध घ्या. न तपासता दरवेळी तीच बाटली पाजण्यात अर्थ नाही. मग पहिले चार दिवस बोकडामागं फक्त ५० ग्रॅम, म्हणजे चहाच्या कपाच्या बुडाला येईल एवढं. दर चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत तीन आठवड्यांत ३०० वर या. अर्धं पहाटे, अर्धं उन्हं उतरल्यावर. आधी भुसकट, मग खुराक, रिकाम्या पोटी दाणा नाही. एखादा दिवस लेंडी पातळ दिसली तर तो दिवस दाणा बंद. आणि पोतं कोठीत, कडी लावून. पाणी सावलीत आणि भरपूर हवं. खुराकावरच्या नर जनावराला पाणी आणि मीठ कमी पडलं की मूतखडा होतो. मग तो कुंथत उभा राहतो, थेंबथेंब मुततो, आणि आपण पोटफुगी समजून सोडा पाजत बसतो.

मोठ्या तिघांना आता खच्ची करू नका. दहा महिन्यांच्या बोकडाला चिमटा लावला की पंधरा दिवस तो नीट खात नाही, ते तुम्हाला परवडणार नाही. ईदेला खच्ची आणि अंडील दोन्ही चालतात. फक्त त्यांना शेळ्यांपासून वेगळे बांधा, नाहीतर दिवसभर मागं धावून घातलेला दाणा घामावाटे जाईल. कळपात लढाया होणार नाहीत एवढं बघा. गोठ्याला तार असेल तर काढा. माझा एक बोकड ईदेच्या दोन दिवस आधी तारेत शिंग अडकवून बसला. हिसका देऊन सुटला खरा, पण शिंग तारेतच राहिलं. इसार देऊन गेलेल्या माणसानं हात जोडून इसार परत मागितला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. आणखी एक. आजारी पडला म्हणून कुणी म्हातारं माणूस डाग द्यायला सांगेल. बोकडाच्या अंगावर डागाची खूण दिसली की भाव गेला.

विकायला मुंबईच्या देवनारच्या बाजारात जायचं का, असं तुमचा पोरगा विचारेल, कारण व्हिडिओत तेही असतं. तीन बोकडांसाठी नाही. मुंबईला ईदेच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून लाखाच्या हिशोबानं बोकड येतात. जागेचं, चाऱ्याचं, राहण्याचं भाडं, गाडीत हलून घटलेलं वजन, आणि शेवटच्या दिवशी माल उरला तर लोक मातीमोल देऊन परततात. तुमचं गिऱ्हाईक कळंबमध्ये आहे, लातूरमध्ये आहे. एप्रिलच्या शेवटी तिघांचे उन्हात, बाजूनं फोटो काढा. शेजारी काट्यावरचा आकडा, वहीतली जन्मतारीख आणि दातांचा एक फोटो. ओळखीच्या चार मुस्लिम घरांत सांगा. चांगलं घर महिनाभर आधी बोकड बघून ठेवतं, मुलांना दाखवतं, इसार देतं, आणि ईदेपर्यंत तुमच्याच गोठ्यात राहू दे म्हणतं. तेव्हा खुराकाचे रोजचे पैसे वेगळे ठरवून घ्या, लाजू नका. शेवटच्या चार दिवसांपर्यंत ताणून धरू नका. ईद टळली आणि बोकड दावणीला राहिला तर यंदा मोठी पंचाईत आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात आपल्याकडे बऱ्याच घरांत जावयाला धोंडे असतात, मटण नाही. पुढं गिऱ्हाईक ढिलंच राहणार.

भादव्यातले पाच लहान आहेत, त्यांची तारीख आखाडाची. अधिक महिन्यामुळं यंदा आखाडही लांबलाय. जुलैच्या मध्यावर लागेल आणि १२ ऑगस्टच्या अमावस्येला संपेल. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, आणि मग दसऱ्यापर्यंत भाव खालीच. म्हणजे त्यांना पाच महिने आहेत. त्यांना आत्तापासून पोतं लावू नका. मेपर्यंत चराई, भुसकट, शेवरी आणि मूठभर चुनी बस. खच्ची करायचे तर आत्ताच, उन्हाळा कडक व्हायच्या आत, डॉक्टरांच्या हातून, चिमट्यानं. मे संपत आला, पाऊस तोंडावर आला की आधी जंताचं औषध आणि लस, मग शेवटचे साठ दिवस खुराक. २१-२२ किलोला पोचले की आखाडाच्या पहिल्या पंधरवड्यात काट्यावर द्या. शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावाचे बोकड एकदम बाजारात येतात.

आता गोऱ्हा आणि रेडकू. गोऱ्ह्याचं मांसासाठी पोसणं डोक्यातून काढून टाका. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाईची कत्तल बंद होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. कायदा बरा का वाईट यावर पारावर चर्चा करा, मीही येईन, पण त्यात तुमच्या गोऱ्ह्याचा खुराक निघत नाही. जर्सीला वशिंड नाही, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, त्यामुळं देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्ह्यासारखा औताला भावही येत नाही. हलक्या कामाला घेणारा शेतकरी मिळाला तर कानात बिल्ला मारून, बाजार समितीची पावती करून देऊन टाका. पावतीशिवाय, ओळखपाळख नसलेल्याला, रात्री, कधीच नाही. आणि पुढच्या वेळी गाय भरवताना लिंगवर्गीकृत रेतमात्रा मागा. दहात साधारण नऊ वेळा कालवड होते. गोऱ्ह्याचा प्रश्न दारातच येत नाही.

रेडकाचं तसं नाही. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. पण रेडकू आणि म्हैस कापायची तर दाखला लागतो, कत्तल परवाना असलेल्या ठिकाणीच होते, आणि वाहतुकीला कागद लागतात. ते बघणं व्यापाऱ्याचं काम, पण तुमची पावती तुमच्याकडे हवी. आपल्याकडे रेडकू मरतं ते बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच. म्हशीचं दूध सगळं डेअरीला, आणि पोटात आईकडून आलेले जंत. तुमचं पाच महिन्यांचं झालंय, म्हणजे घाट ओलांडलाय. एकासाठी वेगळा खुराक करू नका. कडबा, भुसकट, रोज किलोभर घरची चुनी आणि म्हशीच्या गव्हाणीत उरेल ते. दीड वर्षाचा हल्या झाला की वजनावर विका. पोराला एवढीच हौस असेल तर हे एक जनावर त्याच्या नावानं लावा आणि दर महिन्याला टेपचं माप वहीत घालायला सांगा. बोकडाचा ६६० चा हिशोब त्यालाही चालतो. दहावीस रेडकांचा गोठा टाकायचं म्हणत असेल, तर त्या वहीत वर्षाचे आकडे आल्यावर मला परत लिहा, आधी नाही.

गाभण शेळ्यांना हाच खुराक चालतो, शेवटच्या दीड महिन्यात, पाव किलोपर्यंत. फक्त बोकडांच्या गव्हाणीत एकत्र टाकू नका. शिंगाचा एक धक्का पोटाला बसला तरी शेळी गाभडते.